लहान शिडाच्या बोटीवर चार्टप्लॉटर कुठे बसवावा

सहा ते नऊ मीटरच्या शिडाच्या बोटीवर चार्टप्लॉटरला (समुद्राचा नकाशा आणि त्यावर आपली बोट दाखवणाऱ्या स्क्रीनच्या यंत्राला) जागा शोधणं मोठ्या बोटीपेक्षा अवघड असतं. दोन मीटर लांबीच्या कॉकपिटमध्ये, म्हणजे बसून बोट चालवायच्या उघड्या खळग्यात, टिलर (सुकाणूचा दांडा), मेनशीट (मुख्य शीड ओढायची दोरी), दोन विंच (दोऱ्या आवळायच्या चकऱ्या), तीन माणसं आणि त्यांचे सहा पाय एवढं सगळं आधीच मांडलेलं असतं. नवा प्लॉटर खोक्यातून बाहेर आला की ड्रिल घेऊन बसावंसं वाटतं, पण थोडं थांबा. फायबरमध्ये कापलेलं चौकोनी भोक बुजवता येतं, पण ते काम प्लॉटर बसवण्याच्या कितीतरी पट किचकट आहे आणि ठिगळ कायमचं दिसत राहतं.

जागा ठरवताना एकच गोष्ट धरून चला: सुकाणूवरच्या माणसाला बसल्या जागेवरून, दोन्ही टॅकवर (वारा डावीकडून असो वा उजवीकडून), स्क्रीन वाचता आली पाहिजे आणि टिलर न सोडता बटणापर्यंत हात गेला पाहिजे. बंदरात उभ्या बोटीवर कुठलीही जागा बरी वाटते. प्लॉटरची खरी गरज पडते ती खाडीच्या तोंडाशी, उथळ पट्ट्याच्या कडेने जाताना, अंधार पडता पडता. नेमकं तेव्हाच टिलर सोडता येत नाही. माणूस पाण्यात पडला तर ती जागा नोंदवणारं बटण दाबायला एक पाऊलही उचलावं लागता कामा नये. हात पोचला पाहिजे, पण पाय लागता कामा नये, आणि लहान बोटीवर या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

आधी खोकं, मग ड्रिल

प्लॉटरच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं बनवा. नुसता सपाट पुठ्ठा पुरत नाही, कारण फसगत होते ती यंत्राच्या मागे लागणाऱ्या जागेत. सात इंची प्लॉटर साधारण 22 ते 25 सें.मी. रुंद असतो. त्याची जाडी, मागे घुसणारे प्लग आणि वायर वळायला लागणारी जागा धरली तर 14 ते 16 सें.मी. खोली सहज लागते. तुमच्या यंत्राची मापं पुस्तिकेतून घ्या आणि ब्रॅकेट त्यात धरा. खोक्याच्या तोंडावर मार्करने पाण्याच्या खोलीचा एखादा आकडा 2 सें.मी. उंचीचा लिहा आणि खाली दोन-तीन ओळी 3 मि.मी. अक्षरात लिहा. नकाशावरच्या बोयांची नावं आणि खोलीचे बारीक आकडे साधारण तेवढेच असतात. मोठा आकडा दोन मीटरवरून दिसतो, पण बारीक ओळी एका मीटरपलीकडे बहुतेकांना सहज वाचता येत नाहीत. नकाशाचा उपयोग मात्र त्या बारीक ओळींतच असतो.

हे खोकं टेपने जागेवर चिकटवा आणि पूर्ण एक दिवस शिडावर काढा. टॅक घ्या, जाइब करा (मागून वारा घेत शीड दुसऱ्या बाजूला टाका), मेनशीड म्हणजे मुख्य शीड रीफ करा (आखूड करा), नांगर टाका, स्प्रेहूड (केबिनच्या दारावरचं घडीचं कापडी छत) पाडून परत उभं करा, लाइफजॅकेट घालून चार वेळा केबिनमध्ये जा-ये करा. संध्याकाळी खोकं निरखून पाहा. एखादा कोपरा चेपला असेल तर तिथे गुडघा किंवा विंचचा दांडा लागतो आहे. वरची कड दोरीने घासून निघाली असेल तर शीटची सैल टोकं तिथे अडकतात. खालचा भाग लगदा झाला असेल तर पाणी कुठून येतं ते समजलं. बोटीचा आराखडा उघडून विचार करत बसण्यापेक्षा हा चिरडलेला पुठ्ठा जास्त खरं सांगतो.

विंचजवळची जागा मोजूनच घ्या. विंचचा दांडा 10 इंची असेल तर त्याचा घेर मध्यापासून 254 मि.मी. आणि 8 इंची असेल तर 203 मि.मी. त्यात मुठीची रुंदी धरली तर मध्यापासून 35 सें.मी. मोकळे हवेत. दांडा हातातून सुटला आणि काचेवर बसला की प्लॉटर गेलाच.

टिलरच्या बोटीवर: दाराशी झुलता हात

आठ मीटरपर्यंतच्या टिलरच्या बोटीवर आमची पहिली पसंती केबिनच्या दाराशी, म्हणजे कंपॅनियनवेला, झुलत्या हातावर बसवलेल्या प्लॉटरला आहे. हाताची बिजागरी केबिनच्या आत, दाराच्या एका बाजूला. हात बाहेर ओढला की स्क्रीन कॉकपिटकडे तोंड करते, आत ढकलला की नकाशाच्या टेबलाकडे वळते. स्क्रीन मधोमध येते, त्यामुळे टॅक बदलून तुम्ही दुसऱ्या बाजूला सरकलात तरी ती नजरेतच राहते. स्प्रेहूडच्या आडोशामुळे फवारा कमी बसतो, ऊन कमी पडतं आणि बोट सोडून जाताना यंत्र आत घेऊन दार लावता येतं.

पण हा हात कच्चा बसवला तर सगळ्यात जास्त त्रास देणारी जागाही हीच. बोट 25 अंश कलली की दीड किलोचं यंत्र हातासकट खालच्या बाजूला झेपावतं. नुसती घट्ट करायची मूठ त्याला धरून ठेवत नाही, ती लाटांच्या हादऱ्यांनी सैल होत जाते. खटक्याची किंवा पिनची कुलूपबंदी असलेला हात घ्या आणि निदान तीन जागी अडकेल असं पाहा: पूर्ण बाहेर, पूर्ण आत आणि मधे. घरी बनवत असाल तर बिजागरीच्या तबकडीत 6 मि.मी.ची भोकं पाडून स्टीलची पिन घाला आणि पिनला दोरी बांधा, नाहीतर ती पहिल्याच दिवशी तळाच्या पाण्यात सापडेल.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. पायऱ्या चढून वर येणारा माणूस बोट डुलली की समोर जे दिसेल ते पकडतो, आणि समोर हा हात असतो. म्हणून लाकडी स्क्रूवर भागवू नका. आरपार एम6 चे चार बोल्ट, मागे 10 × 10 सें.मी.ची निदान 6 मि.मी. जाड प्लायची किंवा फायबरची पट्टी आणि मोठे वॉशर असं बांधा. शिवाय दाराच्या दुसऱ्या बाजूला एक खरीखुरी मूठ बसवा, म्हणजे पकडायला योग्य वस्तू हाताशी येईल. हात बाहेर असताना लाइफजॅकेट घातलेला माणूस झटकन बाहेर पडू शकतो का, हे करून बघा. अडत असेल तर ती जागा बाद. आणि हात बाहेर असताना दाराच्या फळ्या लागत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. वारा चढला आणि दार बंद करायची वेळ आली की प्लॉटर आत जाणार, मग तो आतल्या माणसाला तरी वाचता आला पाहिजे.

बिजागरीपाशी वायर रोज वाकते. तिथे 15 सें.मी. मोकळा झोळ सोडा आणि झोळाच्या दोन्ही टोकांना, बिजागरीच्या अलीकडे आणि पलीकडे, वायर बांधा. वाकणं झोळात झालं पाहिजे, प्लगच्या मानेत नाही. प्लॉटर मधेच बंद पडतो आणि हात हलवला की चालू होतो, अशी तक्रार आली तर आधी ही मान तपासा.

बल्कहेडमध्ये

केबिनची मागची भिंत, म्हणजे बल्कहेड, ही दुसरी जागा. दिसायला सगळ्यात नीट. अडचण अशी की फवाऱ्यापासून वाचायला सोबतची माणसं तिथेच पाठ टेकून बसतात, आणि ज्या बाजूला भोक पाडाल तीच बाजू त्यांच्या आवडीची निघते. वरून येणाऱ्या हॅलयार्डच्या (शीड वर चढवायच्या) दोऱ्यांची गुंडाळी जिथे लोंबते ती जागाही टाळा. आतल्या बाजूने पाहा: मागचे प्लग कुणाच्या उशीपाशी किंवा डोक्याशी येत असतील तर त्यावर झाकणपेटी लागेल, पण पेटी हवाबंद करू नका, यंत्र तापतं.

टिलरपासून बल्कहेड दीड मीटरवर असेल तर सात इंची स्क्रीन तिथे पुरत नाही. नऊ इंची घ्या, नाहीतर जागा बदला.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. स्प्रेहूडखाली केबिनच्या छतावर ब्रॅकेट लावला तर दिसतं छान, हात पोचत नाही. सोबत कायम माणूस असेल तरच. कॉकपिटमध्ये आडवा ट्रॅव्हलर (मेनशीट डावी-उजवीकडे सरकवायचा रूळ) असेल तर त्याच्या पट्टीवर यंत्र बसवायचा मोह होतो, पण तिथे मेनशीटचा फास पडतो आणि जाइबमध्ये तो यंत्र उखडतो. मागच्या रेलिंगवर नकोच. प्लॉटर बघायला पाठ फिरवावी लागते, आणि पुढचं पाणी बघणं हे पहिलं काम आहे. चाकाची बोट असेल तर चाकापुढच्या खांबावरची नळी उत्तम, फक्त नळीचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून मगच क्लँप मागवा आणि खांबातून वायर नेताना ती सुकाणूच्या साखळीपासून व इंजिनच्या केबलींपासून लांब बांधा. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, बोटांची मुडपलेली पेरं यंत्राला घासत नाहीत ना, ते पाहा.

काहीजण प्लॉटर आत टेबलापाशी ठेवतात आणि बाहेर टॅबलेटवर तीच स्क्रीन बघतात. सावलीत हे चालतं. भर उन्हात टॅबलेट तापून स्वतःहून बंद होतो आणि ओल्या बोटांना तो नीट जुमानत नाही. एकट्याने बोट चालवणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

होकायंत्राचं अंतर

बल्कहेडवर आणि खांबावर बहुतेक वेळा होकायंत्र आधीच बसलेलं असतं. प्लॉटरच्या पुस्तिकेत होकायंत्रापासून किती सें.मी. लांब ठेवायचं तो आकडा दिलेला असतो, तो पाळा. जागाच नसेल तर होकायंत्र हलवा, आकड्याशी तडजोड करू नका. छोट्या चुंबकाचा परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात उतरतो: अंतर दुप्पट केलं की परिणाम आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून 30 सें.मी. आणि 60 सें.मी. यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. प्लॉटरइतकेच गुन्हेगार आसपास असतात: स्पीकर, चुंबकाने बंद होणारं फोनचं पाकीट, चुंबकी कडेचं झाकण.

तपासायची रीत सोपी आहे. बोट उत्तरेकडे तोंड करून स्थिर धरा, होकायंत्राचा आकडा लिहा, प्लॉटर चालू करा, परत आकडा लिहा. हेच पूर्व, दक्षिण आणि पश्चिमेला करा, कारण विचलन (होकायंत्राला पडणारी चूक) दिशेनुसार बदलतं आणि एका दिशेला शून्य दिसलं म्हणून बाकीच्या निर्धास्त नसतात. बंद यंत्राचाही थोडा परिणाम असतो, म्हणून यंत्र बसवण्याआधीचे चार आकडेही टिपून ठेवा. एक अंशापेक्षा जास्त हालत असेल तर जागा बदला. प्लॉटरला जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींना पिळून न्या. जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांचं चुंबकत्व बऱ्यापैकी रद्द करतात.

आतला जीपीएस अँटेना फायबर आणि कापडातून आकाश बघू शकतो, ॲल्युमिनियम, स्टील किंवा कार्बनखालून नाही. तुमचं छत त्यातलं असेल तर बाहेरचा अँटेना लागेल.

ऊन, चष्मा, पाणी

पोलराइज्ड गॉगल घालून प्लॉटर बघा, तोही आडवा आणि तिरपा. काही स्क्रीन एका कोनात पूर्ण काळ्या पडतात. समुद्रावर बोट कलते, यंत्र तिच्याबरोबर कलतं, तुमचं डोकं मात्र सरळ राहतं, म्हणजे दोघांत 20 ते 25 अंशांचा फरक पडतोच. धक्क्यावर सरळ उभं राहून केलेली परीक्षा म्हणून फसवी. गॉगल डोळ्यांवर ठेवून मान दोन्ही बाजूंना तेवढी कलवून बघा.

टच-स्क्रीनवर खाऱ्या पाण्याचे थेंब बोटासारखे काम करतात: नकाशा आपोआप सरकतो, नको ते पान उघडतं. फवारा बसणारी जागा असेल तर बटणंही असलेलं यंत्र घ्या किंवा टच बंद करायची कळ पाठ करून ठेवा. यंत्राच्या एका बाजूला 2-3 सें.मी. जागा मोकळी सोडा. डुलत्या बोटीवर अंगठा कडेला रोवून मग बोटाने दाबावं लागतं, आणि कड भिंतीत पूर्ण बुडालेली असेल तर हात टेकायला जागाच उरत नाही.

आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटं तग धरणं. ती हमी मागचे सगळे प्लग बसलेले किंवा टोप्या लावलेल्या असतील तेव्हाचीच असते. रिकाम्या सॉकेटची टोपी हरवली की तिथूनच हिरवा गंज सुरू होतो. काळं यंत्र उभ्या उन्हात तापून स्क्रीन काळवंडते, म्हणून वापर नसेल तेव्हा पांढरं झाकण लावा, झाकणाला दोरी बांधा. काच गोड्या पाण्याने धुवून मऊ कापडाने पुसा. अमोनियाचे काच-क्लीनर आणि ॲसिटोन वरचा लेप खातात, आणि डास पळवायच्या ज्या मलमांत डीट असतं ती हाताला लावून प्लॅस्टिकच्या चौकटीला हात लावू नका.

रात्रीचा उजेड किमान किती खाली येतो तेही बघा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एका भगभगीत स्क्रीनने ती क्षणात जाते. शक्य तर स्क्रीन सरळ नजरेत न ठेवता किंचित खाली ठेवा.

भोक कापताना

पुस्तिकेतला कागदी साचा जालावरून छापला असेल तर आधी पट्टीने मोजा. प्रिंटर पानात बसवायला तो साचा 3-4 टक्के लहान करतो आणि मग भोक लहान पडतं. भिंतीवर मास्किंग टेपचे दोन थर लावा, त्यावर साचा चिकटवा. मध्यात एक 3 मि.मी.चं भोक पाडून तारेने आत चाचपा: वायर, नळी, चेनप्लेट (डोलकाठीचे ताण बोटीला बांधायची पट्टी) यातलं काही आहे का. मग चार कोपऱ्यांत 10 मि.मी.ची भोकं आणि बारीक दातांच्या जिगसॉने रेषेच्या आत कापणी. उरलेलं कानशीने. जिगसॉच्या तळालाही टेप लावा, नाहीतर जेलकोटवर (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर) ओरखडे उठतात.

कापल्यावर कडेला दोन फायबरच्या मधे बाल्सा लाकूड, फोम किंवा प्लाय दिसला, तर काम अर्धंच झालं असं समजा. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून मधला थर 8-10 मि.मी. आतपर्यंत कोरून काढा आणि ती खाच सिलिका घालून घट्ट केलेल्या एपॉक्सीने भरा. बोल्टांच्या भोकांनाही तेच: एम5 साठी आधी 12 मि.मी.चं भोक, एपॉक्सीने भरणं, दुसऱ्या दिवशी त्यात 5 मि.मी.चं. हे टाळलं तर बोल्ट आवळला की मधला थर चेपतो, फट पडते, पाणी शिरतं आणि बाल्साची कूज हातभर पसरते.

यंत्राबरोबर आलेला गॅस्केटच वापरा. पॉलिसल्फाइड सीलंट एबीएस आणि पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकला तडे पाडतं. स्क्रू 316 स्टीलचे, हाताने, कोपऱ्याकोपऱ्याने आळीपाळीने. गॅस्केट थोडं दबलं की थांबा. चौकट तडकते ती इथे.

वायर

सात इंची यंत्र 12 व्होल्टवर साधारण 1 ते 1.5 ॲम्पिअर घेतं. बॅटरी पॅनेलपासून 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर तांबं. 1.5 चौ. मि.मी. वायरमध्ये त्यावर सुमारे 0.17 व्होल्ट पडतात, म्हणजे 1.4 टक्के. 0.75 च्या वायरमध्ये हेच 0.34 व्होल्ट, जवळजवळ 3 टक्के, आणि तीच मर्यादा धरा. त्याच वायरीवर पुढे आणखी एखादं यंत्र जोडाल, म्हणून 1.5 च घ्या. वायर टिन्ड असावी, म्हणजे आतल्या प्रत्येक तारेवर कल्हई केलेली. साधं तांबं खाऱ्या हवेत आवरणाच्या आत काळं पडत जातं. सांधे डाग देऊन नाही, लग (वायरच्या टोकाला बसणारं धातूचं टोक) दाबून आणि त्यावर आत गोंद असलेली आकसणारी नळी तापवून करा. फ्यूज पॉझिटिव्हवर, पॅनेलपाशी, पुस्तिकेत सांगितलेल्या ॲम्पिअरचा.

इंजिनचा स्टार्टर फिरला की प्लॉटर बंद होऊन परत सुरू होतो, ही फार नेहमीची तक्रार. यंत्र खराब नसतं, स्टार्टर बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली ओढतो. प्लॉटरला स्टार्टरपेक्षा वेगळी बॅटरी द्या. एकच बॅटरी असेल तर आधी इंजिन, मग प्लॉटर.

वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी थेंबथेंब गळेल, भोकात जाणार नाही. खोली मोजणाऱ्या सेन्सरची केबल कधीही कापून जोडू नका. जास्तीची असेल तर सैल वेटोळं करून ठेवा, आणि ती व्हीएचएफ रेडिओच्या केबलपासून वेगळ्या वाटेने न्या.

एनएमईए 2000 चं जाळं (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणारी केबल) असेल तर प्लॉटर मुख्य केबलला टी-जोडातून लागतो आणि तो फाटा 6 मीटरपेक्षा लांब चालत नाही. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे रोधक) हवेत. वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारेमधला रोध मोजा: 60 ओहम आला तर ठीक. 120 आला तर एक टर्मिनेटर गायब आहे. 40 च्या आसपास आला तर कुणीतरी तिसरा लावून ठेवला आहे.

सगळं जोडून झालं की पहिल्या फेरीला मागचं झाकण उघडंच ठेवून निघा आणि मुद्दाम फवारा खा. परत आल्यावर प्रत्येक प्लगच्या मानेला कोरडा टिश्यू लावून बघा. जिथे तो ओला होतो तिथला प्लग काढून, सुकवून, परत बसवा, मगच झाकण लावा.